पाकिटावरचे नाव आणि उसातला जिवाणू



मागच्या सुरू लागणीनंतरची गोष्ट. आपल्या एका सभासदाने शेतकी ऑफिसात येऊन टेबलावर दोन रिकाम्या पिशव्या ठेवल्या. एकीवर छापले होते 'अ‍ॅसिटोबॅक्टर', दुसरीवर 'ग्लुकोनॅसिटोबॅक्टर'. म्हणाले, "साहेब, हे दुसरं नवीन निघालंय म्हणे. विकणारा म्हणाला, जुन्यापेक्षा चौपट ताकदीचं आहे, युरियाची गरजच नाही. म्हणून पैसे जास्त घेतले. दोन एकरांत युरिया टाकलाच नाही. आता फुटव्याच्या वेळेला ऊस पिवळा पडलाय. काय समजायचं?"

आम्ही पिशव्या उलटून पाहिल्या. नव्या नावाच्या पिशवीवर ना बनवल्याची तारीख, ना मुदत, ना आत जिवाणू किती याचा आकडा. पिशवी दुकानाच्या दारात, उन्हात मांडलेली होती असेही बोलण्यातून कळले. युरियाचा हप्ता देऊन ऊस कसाबसा सावरला, पण फुटवा गेला तो गेलाच.

खरी मौज, किंवा खरे दुःख म्हणा, पुढेच आहे. ती दोन नावे दोन जिवाणूंची नाहीतच. एकाच जिवाणूची आहेत, एक जुने आणि एक नवे. सभासदाने जादा पैसे मोजले ते फक्त नावाच्या बदलासाठी.

त्या दिवसापासून आमच्या मनात होते की हा विषय एकदा सविस्तर मांडावा. जिवाणू शोधतात कसा, ओळखतात कसा, त्याला नाव देतात कोण आणि मग ते नाव बदलते का, हे कळले तर पाकीट हातात घेताना आपण काय पाहावे हेही आपोआप कळेल. शिवाय हा जिवाणू सापडला तोच मुळी उसात. म्हणजे विषय परका नाही, आपल्या सरीतलाच आहे.

एक कोडे

प्रथम एक हिशेब पाहू. आपल्याकडे आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. एकरी १६० किलो नत्र, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या जवळजवळ पावणेआठ गोणी. तिकडे ब्राझील देशात लागणीच्या उसाला हेक्टरी ६० किलोच्या आसपासच नत्र देण्याचा प्रघात दीर्घकाळ राहिला. एकरी सव्वा गोणीही पुरती भरत नाही. आपला आडसाली ऊस जास्त महिने उभा असतो, त्याचे एकरी टनेजही मोठे असते, तेव्हा दोन्ही आकडे शेजारी ठेवून लगेच निष्कर्ष काढू नये हे खरे. तरीही कोडे उरतेच. तिकडची कित्येक शिवारे वर्षानुवर्षे उसाखाली आहेत. दर वर्षी तोडणीबरोबर जेवढे नत्र शेताबाहेर जाते, त्यापेक्षा कमी नत्र खतातून परत येते. तरी जमीन एकदम खचत नाही. मग उरलेले नत्र येते कुठून?

हवेत चार भागांतले तीन भागांहून अधिक नत्रच आहे. पण पिकाला ते तसेच घेता येत नाही, हे आपण जाणतो. हरभऱ्याच्या, भुईमुगाच्या मुळांवर गाठी असतात. त्यांत रायझोबियम जिवाणू राहतात आणि ते हवेतले नत्र पकडून पिकाला देतात. उसाच्या मुळांवर मात्र गाठी नाहीत. तेव्हा उसाला असे काम करून देणारा कोणी असला तर तो कुठे दडला आहे, हा प्रश्न होता.

या प्रश्नामागे ज्या बाई आयुष्यभर लागल्या त्यांचे नाव योहाना डोबेराइनर. जन्म १९२४ सालचा, त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकियातला. महायुद्धानंतर त्या ब्राझीलला आल्या आणि रिओ दी जानेरोजवळच्या सेरोपेदिका येथील सरकारी कृषी संशोधन केंद्रात १९५१ पासून काम करू लागल्या. उसाच्या मुळांभोवतीच्या मातीत बायजेरिंकिया नावाचे नत्र पकडणारे जिवाणू बरेच असतात, हे त्यांनी सुरुवातीच्या वर्षांतच, १९६१ पर्यंत दाखवून दिले. पण मुळाबाहेरच्या मातीतले जिवाणू उसाची एवढी मोठी गरज भागवतील हे पटण्यासारखे नव्हते. म्हणून शोध मातीतून मुळात आणि मुळातून थेट कांडीत शिरला.

सापळा कसा लावला

जिवाणू डोळ्यांना दिसत नाही. चिमूटभर मातीत कोट्यवधी, नाना तऱ्हेचे. त्यांतला हवा तोच कसा वेगळा काढायचा? उंदराला पकडायचे तर सापळ्यात त्याच्या आवडीचे खाद्य ठेवावे लागते. इथेही तसेच.

डोबेराइनरबाई आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. कावालकांते यांनी विचार केला तो असा. उसाच्या कांडीत काय असते? भरपूर साखर, आणि रस किंचित आंबट. म्हणजे तिथे राहणाऱ्याला साखर सोसली पाहिजे आणि आम्लही सोसले पाहिजे. त्यांनी काचेच्या बाटल्यांत खाद्य तयार केले. त्यात १० टक्के उसाची साखर घातली आणि थोडी क्षारद्रव्ये. सामू ४.५ पर्यंत खाली आणला. नत्र मात्र मुद्दाम ठेवले नाही. जो जिवाणू हवेतले नत्र स्वतः पकडू शकेल तोच तिथे वाढेल, बाकीचे उपाशी राहतील. खाद्य पातळ जेलीसारखे ठेवले, म्हणजे जिवाणूला आपल्या सोयीच्या खोलीवर, हवी तेवढीच हवा मिळेल अशा जागी बसता येते.

मग उसाची मुळे आणि कांड्या स्वच्छ धुऊन कुटल्या. एक भाग रसाला नऊ भाग पाणी, त्यातला पुन्हा एक भाग आणि नऊ भाग पाणी, असे पातळ करीत करीत एकेक थेंब बाटल्यांत सोडला. काही दिवसांनी कित्येक बाटल्यांत वरच्या बाजूला एक साय धरली. ती पिवळसर नारिंगी होती. सर्वांत जास्त पातळ केलेल्या ज्या थेंबातही साय धरते, त्यावरून मूळ उसात जिवाणू किती होते याचा अंदाज बांधता येतो. उसाच्या एका ग्रॅमात हजारापासून ते कोटीपर्यंत अशी त्यांची संख्या निघाली. पुढे याचा जो नमुना प्रमाण म्हणून ठरला तो ब्राझीलच्या ईशान्येकडील अलागोआस या ऊस पिकवणाऱ्या राज्यातला आहे.

हा शोध १९८८ साली प्रसिद्ध झाला.

ओळख पटवणे

साय धरली म्हणजे काम झाले असे नाही. खरे काम तिथून सुरू होते. आपल्याकडे मोजणीचा माणूस बांधावर उभा राहून "ही जमीन अमक्याची" असे नुसते म्हणत नाही. तो चतुःसीमा पाहतो, जुना नकाशा पाहतो, खुणा जुळवतो. जिवाणूचेही तसेच आहे.

पहिली पायरी, एकच वाण वेगळा करणे. सायीत अनेक जिवाणू मिसळलेले असू शकतात. म्हणून काचेच्या बशीत घट्ट खाद्यावर तो पसरवतात. एकेका जिवाणूपासून एकेक ठिपका वाढतो. एका ठिपक्यातले सगळे जिवाणू एकाच मूळ पेशीची पिलावळ असते. असा ठिपका पुन्हा पुन्हा पसरवून शुद्ध करून घेतात. भेसळीचे बेणे बाजूला काढल्याशिवाय वाणाची परीक्षा करता येत नाही, तसेच हे.

दुसरी पायरी, तो नत्र खरेच पकडतो का? यासाठी एक सोपी युक्ती आहे. कार्बाइडच्या खड्यावर पाणी टाकले की जो वायू निघतो तो अ‍ॅसिटिलीन. नत्र पकडणाऱ्या जिवाणूंत जे विकर असते, ते हवेतल्या नत्राप्रमाणेच अ‍ॅसिटिलीनवरही काम करते आणि त्याचे इथिलीन करून टाकते. बाटलीत अ‍ॅसिटिलीन सोडायचा आणि काही वेळाने इथिलीन निघाला का ते यंत्रावर मोजायचे. निघाला म्हणजे विकर कामावर आहे. या जिवाणूने ही परीक्षा पास केली.

तिसरी पायरी, त्याची अंगलक्षणे. सूक्ष्मदर्शकाखाली तो आखूड काठीसारखा दिसतो, लांबी सुमारे दोन मायक्रॉन. एका मिलिमीटरच्या लांबीत असे पाचशे एकापुढे एक मांडता येतील. त्याला हालचालीसाठी बाजूने बारीक शेपट्या असतात. साखर घातलेल्या बटाट्याच्या खाद्यावर तो तपकिरी ठिपके धरतो. १० टक्के साखरेत उत्तम वाढतो, ३० टक्के साखरही त्याला चालते. सामू ३ च्या आसपास, जिथे बहुतेक जिवाणू तग धरत नाहीत, तिथे तो वाढतो. आणि मद्यार्काचे तो आम्ल करून टाकतो. उसाच्या रसाचा शिरका ज्यांनी केला आहे त्यांना हे काम परिचित आहे. आधी रसाची दारू होते, मग दारूचा शिरका. ते दुसरे काम करणाऱ्या जिवाणूंचे घराणे म्हणजेच अ‍ॅसिटोबॅक्टर आणि त्याचे भाऊबंद.

इथे शास्त्रज्ञांनाही नवल वाटले. शिरका करणाऱ्या घराण्यात हवेतले नत्र पकडणारा कोणी असतो, असे तोवर कोणाला माहीत नव्हते.

आडनाव ठरले कसे

प्रत्येक जिवाणूच्या नावाचे दोन भाग असतात. पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा. आपल्यासारखे समजायचे तर आधी आडनाव, मग नाव. हे नाव लॅटिन पद्धतीचे असते, म्हणजे जगभर सर्वांना एकच.

सुरुवातीला या जिवाणूसाठी सॅकॅरोबॅक्टर नायट्रोकॅप्टान्स असे नाव सुचवले होते. अर्थ असा की साखरेत राहणारी काठी, नत्र धरणारी. नाव गोड होते, पण ते टिकले नाही. कारण आडनाव नवे द्यायचे की जुन्या घराण्यात घालायचे, हे दिसण्यावरून ठरत नाही, रक्तावरून ठरते. जिवाणूचे रक्त म्हणजे त्याचा डीएनए.

ही तपासणी बेल्जियममधील गेंट विद्यापीठात झाली. मोनिक गिलिस व त्यांचे सहकारी यांनी ती केली, डोबेराइनरबाई त्यांत होत्याच. पद्धत समजायला अवघड नाही. डीएनए म्हणजे दोन पदरी दोरी. तापवली की पदर सुटे होतात. दोन जिवाणूंचे सुटे पदर एकत्र ठेवून थंड केले, तर ते एकमेकांत किती घट्ट गुंफले जातात त्यावरून नाते कळते. सख्खे असतील तर घट्ट, लांबचे असतील तर सैल. या परीक्षेत आपला जिवाणू अ‍ॅसिटोबॅक्टरच्या घराण्यातला निघाला, पण तोवर माहीत असलेल्या कुठल्याही जातीशी तो जुळला नाही. म्हणून १९८९ साली त्याला नाव मिळाले अ‍ॅसिटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस. डायझोट्रॉफिकस म्हणजे हवेतल्या नत्रावर जगणारा.

नाव छापले की एक जबाबदारीही येते. ज्या नमुन्यावरून नाव दिले, तो जिवंत नमुना सार्वजनिक संग्रहात ठेवावा लागतो. आता तर नियम असा आहे की निदान दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत तो ठेवलाच पाहिजे. या जिवाणूच्या प्रमाण नमुन्याचे नाव पीएएल-५. अमेरिकेतल्या संग्रहात त्याचा क्रमांक ४९०३७ आहे. आपल्या कारखान्याचा काटा तपासायला वजनमापे खात्याची शिक्क्याची वजने आणतात ना? काटा खरा की खोटा हे त्या वजनावरून ठरते. तसाच हा नमुना. जगात कोणी म्हटले की माझ्याकडे अमुक जिवाणू आहे, तर त्याचा जिवाणू या शिक्क्याच्या वजनाशी ताडून पाहता येतो.

मग नाव बदलले का?

आता त्या दोन पिशव्यांकडे येऊ.

१९९० नंतर डीएनएची अक्षरे वाचण्याची सोय स्वस्त आणि सोपी झाली. प्रत्येक जिवाणूत सुमारे दीड हजार अक्षरांचा एक जनुक असतो, ज्याला १६-एस म्हणतात. तो फार हळू बदलतो. म्हणून घराण्यांची वंशावळ मांडायला तो उपयोगी. जपानमधील युझो यामादा आणि सहकाऱ्यांनी शिरक्याच्या घराण्यातल्या सर्व मंडळींची ही अक्षरे ताडून पाहिली. त्याच्या जोडीला पेशीतल्या क्यूटेन व क्यूनाइन या द्रव्यांचा फरक पाहिला. तेव्हा कळले की अ‍ॅसिटोबॅक्टर या एका आडनावाखाली प्रत्यक्षात दोन वेगळी घराणी नांदत होती. क्यूटेन असणाऱ्यांची वाटणी करून त्यांना ग्लुकोनॅसिटोबॅक्टर असे स्वतंत्र आडनाव दिले. आपला जिवाणू त्यांतला. तेव्हा १९९७-९८ पासून त्याचे शास्त्रीय नाव झाले ग्लुकोनॅसिटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस.

खातेफोड झाली, सातबारा वेगळा झाला. जमीन तीच राहिली. को ८६०३२ ला आपण 'नीरा' म्हणतो म्हणून ऊस बदलत नाही. जिवाणूची ताकद नाव बदलल्याने तसूभरही वाढली नाही, चौपट तर दूरच. बोलीत आणि खतांच्या शिफारशींत आजही 'अ‍ॅसिटोबॅक्टर' हेच नाव जास्त चालते. त्यात फसवणूक नाही. फसवणूक आहे ती दोन नावांची दोन औषधे करून विकण्यात.

एवढा काटेकोरपणा कशाला?

कोणी म्हणेल, नाव काहीही असो, ऊस वाढल्याशी मतलब. पण एक उदाहरण पाहा.

उसात हर्बास्पायरिलम नावाचे आणखी एक घराणे राहते. त्यातली एक जात सेरोपेदिकी. ती डोबेराइनरबाईंच्या केंद्रातच १९८६ साली ओळखली गेली आणि गावाच्या नावावरून तिचे नाव पडले. ती नत्र पकडते, पिकाला त्रास देत नाही. तिची सख्खी बहीण रुब्रिसुबाल्बिकन्स. तीही नत्र पकडते, पण काही नाजूक वाणांच्या पानांवर पांढुरके-तांबडे पट्टे उमटवणारा रोगही तीच आणते. बाटलीत दोघी सारख्याच दिसतात. ओळख पटल्याशिवाय एकीच्या जागी दुसरी बेण्याला चोळली तर काय होईल?

आणखी एक गोष्ट. मेक्सिकोत कॉफीच्या झाडांच्या मुळांजवळच्या मातीत अगदी आपल्या जिवाणूसारखे दिसणारे जिवाणू मिळाले. खाद्य तेच, साय तशीच. डीएनए ताडून पाहिल्यावर त्या दोन वेगळ्या, नव्या जाती निघाल्या. २००१ साली त्यांतल्या एकीला जोहानी हे नाव दिले, डोबेराइनरबाईंच्या स्मरणार्थ. आदल्याच वर्षी, २००० साली त्या वारल्या होत्या. ज्यांनी इतरांना नावे दिली, त्यांचेच नाव एका जिवाणूला मिळाले. शास्त्राच्या जगात याहून मोठा सत्कार नसावा.

तो करतो तरी काय, आणि किती?

इथे आम्हाला जरा सबुरीने लिहायचे आहे, कारण याच जागी सभासदाचे नुकसान होते.

ब्राझीलमध्ये नत्राच्या खुणेवरून केलेल्या मोजणीत, काही वाणांनी आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक नत्र हवेतून मिळवल्याचे १९९२ साली प्रसिद्ध झाले. पण हे सर्व वाणांना लागू नाही. ऑस्ट्रेलियात व दक्षिण आफ्रिकेत तशाच तपासण्या झाल्या, तिथे एवढा वाटा आढळला नाही. वाण, जमीन, पाणी, दिलेले खत यांवर पुष्कळ अवलंबून आहे. शिवाय उसातले सगळे नत्र याच एका जिवाणूने आणले असेही नाही, आत इतरही असतात.

याचा स्वतःचा वाटा पाहण्यासाठी २००१ साली एक छान प्रयोग प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञांनी याच जिवाणूची अशी एक पैदास केली जिला नत्र पकडता येत नाही. मग काही रोपांना खरा जिवाणू दिला आणि काहींना हा लुळा केलेला. नत्र कमी असलेल्या जागी खऱ्या जिवाणूची रोपे अधिक चांगली वाढली. म्हणजे नत्र तो पकडतो आणि देतो, हे सिद्ध झाले. पण नत्र भरपूर दिले तिथे दोन्हींचा थोडा फायदा दिसला. त्याअर्थी वाढीला मदत करणारी दुसरीही काही द्रव्ये तो देत असावा.

आता महत्त्वाची गोष्ट. मेक्सिकोत आणि आपल्या तामिळनाडूत असे दिसून आले की, ज्या उसाला नत्रखताचा भडिमार होतो त्यात हा जिवाणू कमी आढळतो. म्हणजे युरिया पूर्ण बंद केला तर ऊस उपाशी, आणि युरिया बेसुमार ओतला तर जिवाणू परागंदा. पाकीट वापरायचे आणि युरियाही पूर्वीइतकाच किंवा जास्त टाकायचा, हा दुहेरी खर्च आपल्यापैकी बरेच जण करतात. त्यातला पाकिटाचा खर्च जवळजवळ वायाच जातो.

दुसरी गोष्ट, हा जिवाणू मातीचा रहिवासी नाही. मोकळ्या जमिनीत तो फार काळ टिकत नाही. त्याचे घर उसाच्या आत. बेण्याच्या कांडीतून तो एका लागणीतून दुसरीत जातो. पिठ्या ढेकणाच्या अंगातही तो सापडला आहे. नाचणीसारख्या इतर पिकांतही तो मिळाला आहे. म्हणूनच त्याची प्रक्रिया बेण्याला करतात. शेतात नुसता फेकून द्यायचा तो पदार्थ नव्हे.

सभासदांनी काय करावे?

महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस आपल्या भागात बहुतेकांना माहीत आहे. तरी पुन्हा सांगतो. १०० लिटर पाण्यात १० किलो अ‍ॅसिटोबॅक्टर आणि १.२५ किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू मिसळून टिपरी ३० मिनिटे बुडवावी आणि मग लागण करावी. बुरशीनाशकाची किंवा कीटकनाशकाची बेणेप्रक्रिया करायची असेल तर ती आधी करावी, बेणे सावलीत सुकवावे आणि मगच जिवाणूंच्या द्रावणात बुडवावे. दोन्ही एकाच पिंपात कालवली तर औषध जिवाणूलाच मारते. या प्रक्रियेनंतर नत्राची मात्रा ५० टक्के आणि स्फुरदाची २५ टक्के कमी करता येते, असे शिफारशीत आहे.

पाकीट घेताना पुढील गोष्टी पाहा.

१) नाव वाचा. अ‍ॅसिटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस किंवा ग्लुकोनॅसिटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस, दोन्ही एकच. 'सुपर', 'डबल', 'नवीन शोध' असल्या शब्दांना जिवाणूशास्त्रात अर्थ नाही.

२) तारीख, मुदत व बॅच क्रमांक पाहा. जिवाणू खते २००६ पासून सरकारच्या खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. जिवंत जिवाणूंची संख्या छापलेली पाहिजे. भुकटीत ग्रॅमला किमान ५ कोटी, द्रवरूपात मिलिलिटरला किमान १० कोटी असा मापदंड आहे.

३) पाकीट उन्हात, पत्र्याखाली ठेवलेले असेल तर घेऊ नका. आतला माल जिवंत आहे हे विसरू नये. दह्याचे विरजण उन्हात ठेवून दुसऱ्या दिवशी दही लागेल अशी आशा आपण करतो का?

४) पावती घ्या. पावती नसेल तर पुढे तक्रारीला जागा राहत नाही.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची सूचना. युरिया एकदम निम्मा करू नका. एका प्लॉटात पहिल्या वर्षी थोडा कमी करा. त्याच प्लॉटात चार-पाच सऱ्या जिवाणूशिवाय, नेहमीच्या खतावर ठेवा. बांधाला खूण करा. तोडणीच्या वेळी दोन्हींचा ऊस वेगळा मोजून घ्या. फरक असेल तर काट्यावर दिसेल, नसेल तर तेही दिसेल. तुमच्या जमिनीत, तुमच्या वाणावर हा जिवाणू कसे काम करतो हे ब्राझीलचा शास्त्रज्ञ सांगू शकणार नाही, आम्हीही सांगू शकणार नाही. ते तुमच्या सऱ्याच सांगतील.

२००९ साली ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी याच पीएएल-५ नमुन्याच्या मुख्य गुणसूत्राची सुमारे ३९ लाख अक्षरे वाचून प्रसिद्ध केली. ज्या जिवाणूला १९८८ पूर्वी नावही नव्हते, त्याचे सबंध दप्तर आता उघडे आहे. तेवढे दप्तर आपल्याला वाचायचे नाही. पण पिशवीवरच्या चार ओळी वाचणे आपल्या हातात आहे. त्या सभासदाने त्या आधी वाचल्या असत्या तर दोन एकरांचा फुटवा वाचला असता.

त्यांनी यंदा पुन्हा सुरू लागण केली आहे. बेणेप्रक्रिया पद्धतशीर केली, युरियाचा हप्ता थोडाच कमी केला आणि पाच सऱ्या वेगळ्या राखल्या आहेत. तोडणीनंतर त्या सऱ्यांची वजने, जशी येतील तशी, फायद्याची असोत वा तोट्याची, याच अंकात छापू.

ज्या सभासदांना असा तुलनेचा प्लॉट घ्यावयाचा असेल त्यांनी लागणीपूर्वी आपल्या गटाच्या शेतकी ऑफिसात नाव नोंदवावे.

जय सहकार!